पॅक संपला व्हता

माय, आज मंठ्यात मोबाइलच्या दुकानात माझ्या तोंडातून तुझा नंबर निघाला. तुझा म्हणजे आपल्या गावच्या किराणा दुकानाचा. तुझ्या नावचा फोन तुला मरेपर्यंत मिळाला न्हाई. दुकानवाला म्हणला, "ताई, नंबर सांगा, रिचार्ज मारतो," आणि मी धडाधड पाच आकडे सांगून मोकळी झाले. तो थांबला. "पुढचे सांगा की." मी म्हणलं, "पुढचे कुठले? एवढाच हाय." तो हसला. "ताई, हा जुन्या काळचा लँडलाइनचा दिसतो. मोबाइलला दहा आकडे असतेत." माझ्या मागं उभी असलेली एक बाई पण फिसकन हसली. मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मंग मी माझा खरा नंबर सांगितला. तो पाच आकड्यांचा नंबर मी तीस वर्षांत एकाच दिवशी फिरवला होता, आणि त्या दिवसाचा राग मी तुला कधी बोलून दाखवला न्हाई. तू लवकर मेलीस. आता लाइट गेलीय, मिरची कांडायची मशीन बंद पडलीय, बाया गाठोडी ठेवून घरी गेल्यात. माझी चौथी झालेली आहे, अक्षर वाकडं आहे, पण लाइट येईपर्यंत लिहिते.

तुला यातलं कळणार न्हाई म्हणून आधी सांगते. आता प्रत्येकाच्या हातात एक-एक फोन असतो, तार नसती, खिशात बसतो. त्यात आधी पैसे भरायचे, मंग तो बोलतो. त्याला रिचार्ज म्हणतेत, पॅक म्हणतेत. रिचार्ज कुणी करत न्हाई, मारतेत. मिस कॉल पण मारतेत, म्हणजे फोन लावायचा, एकदा वाजू द्यायचा आणि समोरच्यानं उचलायच्या आत ठेवून द्यायचा. निरोप पोचतो. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं. म्हणलं, आपल्या घराण्याला शोभणारी वस्तू आहे, सगळं मारण्यावरच चालतं.

मी आठ वर्षांची आहे. तू चुलीपुढं बसलीस, परातीत पीठ आहे, तवा तापलाय. बाप दारातून आत येतो, का चिडलाय ते त्यालाच माहीत न्हाई, बैल हाकायचा आसूड अजून हातात. तो तुझा बुचडा धरून तुला मागं ओढतो. तू वरडत न्हाईस. तू वळतीस, गुडघ्यात डोकं घालतीस, दोन्ही हात पोटाखाली दाबून धरतीस आणि पाठ वर करतीस, जशी गाय पावसात उभी राहती तशी. आसूड पडतो. मी मोजत न्हाई, मला मोजता येतं तरी मोजत न्हाई. तो थकतो, पाणी मागतो, तू उठून त्याला पाणी देतीस, आणि परत बसून भाकरी थापायला लागतीस. चोळी पाठीला चिकटलीय, लाल झालीय. मी म्हणलं, "माय, तू हात पुढं कामून न्हाई केले? त्याचा आसूड धरायचा ना." तू फुंकणी उचललीस आणि माझ्या पिंडरीवर अशी हाणलीस की अजून थंडीत तिथं ठणकतं. "हात मोडला तर भाकरी तुझा बाप थापीन का? पाठ द्यायची. पाठीला काम नसतं." एवढंच बोललीस. मला आयुष्यात तू दिलेली शिकवण म्हणायची तर ती हीच. पाठ द्यायची, हात वाचवायचे.

माझं लग्न झालं, मला तीर्थपुरीकडं दिलं. पहिल्यांदा सासरी निघताना तू माझ्या पदराच्या गाठीत एक चिठ्ठी बांधलीस. दुकानदाराकडून लिहून घेतलेले पाच आकडे. "अडी-अडचणीला फोन कर, मी पळत येईन." आपल्याकडं तेव्हा बाई लेकीला भांडं द्यायची, लुगडं द्यायची. तू नंबर दिलास. मला केवढी ऐट वाटली होती, माझ्या जावांकडं असली वस्तूच नव्हती. चिठ्ठी दोन महिन्यांत घामानं विरली, पण तवर मी आकडे पाठ केलते, पाढ्यासारखे.

पुढच्या साली नवऱ्यानं मला सायकलच्या चैनीनं मारलं. कारण सांगत न्हाई, कारण नसतंच. मला चौथा महिना होता. बाजाराच्या दिवशी सासूनं मीठ-तेल आणायला तीर्थपुरीला पाठवली आणि मी मिठाच्या पैशात एसटीडीच्या काचेच्या खोक्यात शिरले. आत लाल आकड्यांचं मीटर होतं. पलीकडून आपला किराणावाला म्हणला, "बोलावून ठेवतो, दहा मिनटांनी परत लाव." दहा मिनिटं मी बाहेर उन्हात उभी राह्यले, पाठीचं लुगडं अंगाला टोचत होतं. परत लावला तर तू होतीस, धापा टाकत. पळत आलीस ते खरंच आलीस. "कोण?" "मी हाय, माय." "काय झालं?" मी म्हणलं, "मला घेऊन जा. आजच्या आज ये." मला तुझ्या मागं तागडीत वजनं पडल्याचा आवाज आला, कुणीतरी गूळ मागत होतं. मंग तू म्हणलीस, "फोन ठेव, मीटर पळून राह्यलंय." आणि ठेवलास. तूच ठेवलास. मी नुसता कानाला लावून उभी, लाल आकडे चार रुपयांवर थांबलेले.

त्याच आठवड्यात त्यानं लाथेनं मारलं आणि पोटातलं गेलं. मी पाठच दिली होती, तू शिकवल्यासारखी. पाठीतून पोटापर्यंत लाथ पोचती हे तू सांगितलं नव्हतंस. त्यानंतर मी तुला फोन केला न्हाई. सणाला आले, तुझ्या हातचं जेवले, तू डोक्यावरून हात फिरवलास, मी फिरवू दिला, पण त्या फोनचं ना तू काढलंस ना मी. तीन वर्षांत तू काविळीनं गेलीस. तुझ्या दहाव्याला सगळ्या बाया रडल्या, मी भांडी घासत बसले. लोक म्हणले, पोरीचं काळीज दगडाचं आहे. मला वाटायचं, चार रुपयांसाठी माझ्या मायनं माझा फोन कापला.

नवरा पुढं ट्रकखाली मेला. मी रडले न्हाई आणि हसले पण न्हाई, पोरगी तीन वर्षांची होती, तिला काखेत मारून मंठ्याला आले. दुसऱ्याच्या मिरच्या निवडल्या, मंग मशीन टाकली. लोखंडी मुसळं दिवसभर वर-खाली आपटतेत, कानात दुसरं काही शिरत न्हाई, आणि मिरचीची धूळ अशी की पहिल्या साली मी डोळे फुटल्यासारखी फिरत होते. आता काही होत न्हाई. बाया म्हणतेत, मावशीच्या तोंडात मिरची मशीनपेक्षा जास्त आहे. असू दे. पोरीला मी बारावी केलं. आणि ठरवलं होतं, हिला पाठ द्यायला शिकवायचं न्हाई. हिला फोन द्यायचा. आणि फोन आला की उचलायचा.

तिला अंबडकडं दिली. जावई पिकअप चालवतो, दिसायला चांगला, बोलायला तर गुळाची ढेप. लग्नाच्या चौथ्या महिन्यात त्यानं तिचा मोठा फोन भिंतीवर आपटला, कुणाशी बोलतीस म्हणून. मी दिवाळीला तिला एक बटनाचा बारका फोन घेऊन दिला, आवाज बंद केलेला. ती तो ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत, दाण्यांच्या आत पुरून ठेवायची. बाप्या माणूस ज्वारीत हात घालत न्हाई. तिच्या न् माझ्या, दोन्ही नंबरांवर मीच इकडून रिचार्ज मारायची, सगळ्यात कमीचा, अठ्ठावीस दिवसांचा. आमची खूण ठरलेली. रोज दुपारी पीठ काढायच्या वेळी ती एक मिस कॉल मारणार, म्हणजे जिवंत हाय. मी लगेच कट करणार, म्हणजे कळलं. कट झाला की तिनं फोन ज्वारीत परत पुरायचा. आणि एकामागं एक दोनदा वाजला तर मी कट करून आपण होऊन उलटा लावायचा, म्हणजे ती अडचणीत हाय. ती कोठीपाशी हातात फोन धरून थांबणार.

संक्रांतीच्या आसपास पहिल्यांदा दोनदा वाजला. मी उलटा लावला, ती नुसती म्हणली, "आई, ये." मशीन तशीच टाकून, अंगावर मिरची घेऊन मी दोन गाड्या बदलत गेले. तिथं पोचले तर जावई गादीवर बसून पोहे खातोय, पोरीचा ओठ फुटलेला, आणि पोरगी मला म्हणती, "आई, तू कामून आली? दारात पाय घसरला माझा." विहीणबाई म्हणल्या, "बघा, नवरा-बायकोचं भांडण संध्याकाळपर्यंत मिटतं, तुम्ही उगं तिकीट काढलं." मी त्यांच्या हातचा चहा प्याले. चहा प्याले मी, माय. बाहेर पडल्यावर रस्त्यात मला पोरीचाच असा राग आला की ती समोर असती तर मीच तिच्या थोबाडीत दिली असती. फेब्रुवारीत परत तसंच. परत मी गेले, परत तिनं नवऱ्याची बाजू घेतली.

मंग तो मंगळवार. तिखटाचा हंगाम, दारात बायांची रांग, एका म्हातारीचं बोटभर कमी भरलं म्हणून तिनं वरडून गल्ली गोळा केलती. सकाळीच कंपनीचा तो रेकॉर्ड केलेल्या बाईचा फोन येऊन गेलता, पॅक संपायला आलाय, रिचार्ज मारा म्हणून. दुपारी पोरीचा मिस कॉल आला. मी कट केला. लगेच दुसऱ्यांदा वाजला, तो पण कट केला. आता मी उलटा लावायचा होता. मी लावला न्हाई. तिसऱ्यांदा वाजला.

तिकडं पोरगी कोठीपाशी थांबलेली. एरवी तिचं काम अर्ध्या मिनटाचं, फोन काढायचा, वाजवायचा, पुरायचा. त्या दिवशी ती वाट बघत उभी राह्यली. माझ्या फोनची. कोठीचं झाकण उघडं, एका हातात फोन, दुसरा हात कोठीच्या काठावर. जावई आतून आला. त्यानं आधी फोन घेतला आणि तिच्या तोंडावर मारला, मंग तिचा तो काठावरचा उजवा हात तसाच दाबून धरला आणि कोठीचं पत्र्याचं झाकण आपटलं. एकदा न्हाई. मंग झाकणावर बसला. पोरीनं मला दवाखान्यात सांगितलं, "आई, तो बसून बिडी प्याला." ज्वारी लाल झाली म्हणून विहीणबाईंनी ती वरची पायलीभर काढून कोंबड्यांना टाकली.

मला बुधवारी सकाळी कळलं. त्यांच्या शेजारची, दूध घालणारी बाई, तिनं फोन लावला. "तुमच्या लेकीचा हात बघवत न्हाई, या." मी गेले. या वेळी दारात चप्पल काढली न्हाई. पोरगी चुलीपाशी, हाताला लुगड्याची चिंधी, चिंधी काळी पडलेली, आणि डाव्या हातानं ती त्याला भाकरी वाढून राह्यली होती. तो पाटावर. मला बघून म्हणला, "या सासूबाई, बसा, चहा—" मी आजवर त्याला अहो-जाहो करत होते. म्हणलं, "अरे रांडच्या, ऊठ." तो हसला. चुलीमागं खलबत्ता होता. मी बत्ता उचलला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मशीनीतल्या हळकुंडासारखा येतो, माय, बराबर तसाच. तो ताटात पडला. दुसरा मी गुडघ्यावर हाणला. विहीणबाई माझ्या केसाला लागल्या, त्यांना मी ढकललं तर त्या कोठीवर आपटल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, मला इतकं बरं वाटलं की मी तिसऱ्यांदा उचलला, डोक्याच्या वर. पोरगी मधी आली. त्याच्यावर आडवी पडली आणि तिनं मला पाठ दिली. हात पोटाखाली. हे तिला कुणी शिकवलं? मी तर शिकवलं नव्हतं. माझा बत्ता वरच राह्यला.

जालन्याला डॉक्टरनं तिची दोन बोटं काढली, अंगठ्याच्या शेजारची. पोलिसात तिनं सांगितलं तसं लिहून दिलं, मी माझ्या बत्त्याचं पण सांगितलं, लपवलं न्हाई. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "आई, तू दोनदा कट केला. मंग उलटा कामून न्हाई लावला? मी थांबले व्हते." मी सलाइनच्या बाटलीकडं बघत म्हणलं, "पॅक संपला व्हता गं. येत व्हता, पण जात नव्हता." ती म्हणली, "मला वाटलंच." आणि तिच्या तोंडावर असं समाधान आलं की मला तिथून उठून जावं वाटलं.

आता खरं दुखणं पुढं आहे. येत्या रविवारी त्यांच्याकडची चार माणसं मिटवामिटवीला बसायला येणार आहेत. जावई गळ्यात हात बांधून फिरतोय, म्हणे सुधरला, म्हणे आळंदीच्या दिशेनं तोंड करून माळ घालतो म्हणला. आणि पोरगी परत जाते म्हणती. मी म्हणलं, "तुझी बोटं मोजून दाखव आधी." तर काय म्हणाली ऐक. म्हणाली, "आई, त्या दिवशी पॅक असता तर तू अर्ध्या तासात निघाली असती. इतकं झालंच नसतं. तू दोनदा आलीस का न्हाई? तू येतीस हे त्याला बी माहीत झालंय आता. आपण कमीचा मारतो तिथं चुकलं. या वेळी वर्षाचा मार, दोघींच्या नंबरावर. तुझा फोन चालू असला का मला भ्या न्हाई." आणि डाव्या हातानं पायातली चांदीची जोडवी काढून माझ्या पदरात टाकली. "हे मोड, पण वर्षाचाच मार."

म्हणून आज मी दुकानात गेले. तीन आठवडे माझा फोन तसाच पडलेला, त्याला रिचार्ज मारायला हात उचलत नव्हता. हा दुकानवाला माझ्याच वयाचा, टकला, जुना माणूस, पूर्वी त्याचं इथंच एसटीडीचं खोकं होतं, पिवळा बोर्ड अजून मागं भिंतीला टेकून ठेवलाय. म्हणला, "ताई, कोणता मारू? तुम्ही कमीचा घेता आन् अठ्ठावीस दिवसांनी परत माझं डोकं खाता."

"अठ्ठावीस दिवसांचा महिना कुणाचा असतो वो? कंपनीला पाळी येती का?"

मागच्या बाया खिदळल्या. तो लाजून मशीनीत बघायला लागला. "मंग चौऱ्याऐंशी दिवसांचा घ्या, रोज दीड जीबी."

"माझ्या बटनाच्या फोनात जीबी कुठं घालू? कनवटीला लावू?"

"मंग ह्यो बघा, नुसत्या बोलण्याचा, वर्षाचा. नेट न्हाई, कटकट न्हाई. तीनशे पासष्ट दिवस बघायचं काम न्हाई."

"आन् मी उद्या मेले तर?"

"तर वाजत राहील की ताई. व्हॅलिडिटी असतीच."

तो हसला, मी हसले न्हाई. माझ्या डोक्यात तेव्हाच ते पाच आकडे उठले असतील. नंबर विचारला आणि तेच तोंडातून आले. लँडलाइन म्हणून तो हसला तेव्हा मी त्याला विचारलं, "भाऊ, तुमचं एसटीडी व्हतं. तवा ज्याला फोन आला त्याच्याकडं बी मीटर पळायचं का?"

"न्हाई वो. ज्यानं लावला त्याच्यापुढं मीटर. येणारा फोन फुकट. दुकानवाला निरोप पोचवायचा रुपया घेत आसंल, तेवढंच."

"म्हणजे पलीकडच्या माणसाला मीटर दिसायचंच न्हाई?"

"कसं दिसंल? ते इकडं, काचेच्या खोक्यात."

इकडं. माझ्या डोळ्यापुढं. तुझ्यापुढं काय होतं, माय? गुळाची ढेप आणि तागडी. तीस वर्षं मी तुझ्यावर चार रुपयांचा राग धरला आणि ते चार रुपये तर माझे जात होते, तुझा तांबडा पैसा जात नव्हता. मीटर पळून राह्यलंय म्हणलीस ते तू न बघता म्हणलीस. दुकानात माणसं ऐकत होती म्हणून म्हणलीस का, बाप दारात आलता म्हणून, का मला घरी आणून ठेवायचं कुठं हे सुचलं न्हाई म्हणून, ते तुलाच ठाऊक. मी सासूला मिठाच्या पैशाचा हिशेब काय देणार या काळजीनं म्हणलीस, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. पटलं न्हाई. तेवढ्यात दुकानवाल्यानं माझा नंबर मारून त्याच्या फोनात बघितलं आणि मोठ्यानं वाचलं, "ताई, तुमचा पॅक मंगळवारी रात्री बाराला संपलाय. तीन आठवडे झाले. अजून आठ-दहा दिवस गेले असते तर नंबर बी गेला असता."

मंगळवारी रात्री बाराला. पोरीचा फोन दुपारचा होता.

मी वर्षाचा मारला, दोन्ही नंबरांवर. माझ्या पैशानं. जोडवी मोडली न्हाईत, ती अजून पदराच्या गाठीत आहेत, तू जिथं चिठ्ठी बांधलीस तिथंच. घरी आले तर पोरगी डाव्या हातानं पिशवी भरून राह्यली होती. आतूनच म्हणली, "आई, मारला का?" मी म्हणलं, "मारला."

लाइट आली. बाहेर मशीनीचा दिवा लागलाय, बाया येऊन हाका मारायला लागल्यात, मावशे, ए मावशे. वरडू दे. माय, त्या दिवशी माझा पॅक चालू होता. सकाळी ती रेकॉर्डची बाई आज रात बारा बजे म्हणली होती, मला तेवढं हिंदी बराबर कळतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी फोन मिरच्यांच्या गोणीत उलटा घालून ठेवला. वाजू दे म्हणलं. मी कंटाळले होते. दोनदा गेले, दोनदा तिनं मला खोटं पाडलं, आता तिसऱ्यांदा कोण तिकीट काढणार, संध्याकाळपर्यंत मिटंल, असं मनात आलं. एवढंच आलं. दुसरं काही न्हाई. संध्याकाळी पण लावू शकत होते, बारापर्यंत लावू शकत होते, मी तिखट चाळत बसले.

आणि पोरगी माझ्या फोनच्या भरवशावर त्या घरात परत चाललीय.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे तुला लिहायला जमलं. तिला येतं, ती बारावी आहे. जोडवी याच कागदात बांधून तिला परत देते.